गाडीत दुसरं इंजिन बसवताना: घरी करायच्या कामाचा पूर्ण क्रम

क्रेनच्या साखळीला लटकलेलं इंजिन मोकळ्या बोनेटखाली हळूहळू उतरतंय, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून बहुतेक जण या कामाला हात घालतात. तो भाग एका दुपारचा आहे. त्याआधीची मोजमापं आणि नंतरची जोडणी यांना मात्र महिने जातात, आणि अर्धवट पडून राहिलेल्या गाड्या जवळपास नेहमी याच दोन टप्प्यांत अडकलेल्या असतात. म्हणून नट-बोल्ट सोडण्या-आवळण्याच्या भागावरून मी भरभर जाणार आहे आणि या दोन ठिकाणी जास्त थांबणार आहे.

क्लच प्लेट किंवा टायमिंग बेल्ट तुम्ही स्वतः कधी बदललेला नसेल, तर आधी ती कामं एकदा करून या. इंजिन बदलताना ती दोन्ही करावीच लागतात, पण एकूण कामातला तो छोटा वाटा असतो.

कोणतं इंजिन घ्यायचं

सर्वांत सरळ वाट म्हणजे त्याच घराण्यातलं इंजिन. तुमच्याच मॉडेलला कंपनीने आणखी मोठं इंजिन दिलेलं असेल, तर माउंटिंग (इंजिन गाडीला धरून ठेवणारे रबरी आधार), बेल हाऊसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडलं जाणारं घंटेसारखं तोंड) आणि कधीकधी अर्धी वायरिंगसुद्धा जुळते. घराण्याबाहेर गेलात की प्रत्येक जोड स्वतः तयार करावा लागतो. ते अशक्य नाही, मीही केलं आहे, पण त्याला लागणारा वेळ आधीच्या अंदाजाच्या दुपटीने वाढतो.

ताकदीचा आकडा पाहण्याआधी चार गोष्टी तपासा. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं की आडवं? ऑइल चेंबरचा खोल भाग पुढे आहे की मागे? गाडीचा आडवा क्रॉस मेंबर नेमका त्याच जागी आला, तर चेंबर कापून नवा करावा लागतो आणि आतली तेल ओढणारी नळीही सरकवावी लागते. एक्झॉस्ट कोणत्या बाजूला निघतो आणि स्टिअरिंगचा दांडा कोणत्या बाजूने खाली जातो? हे दोन्ही एकाच बाजूला आले, तर जागेची आणि उष्णतेची दोन्ही भांडणं एकदम सुरू होतात. आणि वजन: जुन्या इंजिनापेक्षा ५० किलो जड इंजिन पुढच्या चाकांवर आलं, की स्प्रिंगा, ब्रेक आणि वळणावरचा गाडीचा स्वभाव, सगळंच बदलतं.

कागदपत्रांचं काम याच टप्प्यावर करा. नोंदणीत इंजिनाचा क्रमांक आणि इंधनाचा प्रकार लिहिलेला असतो, विमाही त्यावरच अवलंबून असतो. तुमच्या भागात कोणता बदल चालतो आणि त्यासाठी आधी परवानगी लागते का, हे नोंदणी कार्यालयात विचारून लेखी घ्या. इंजिनाच्या मालकीचा पुरावाही जपून ठेवा. गाडी तयार झाल्यावर विचारायला गेलात आणि उत्तर नकारार्थी आलं, तर हातात काहीच उरत नाही.

सुटं इंजिन नको, अख्खी गाडी घ्या

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा: जमेल तिथे इंजिनाची मूळ गाडी अख्खी मिळवा. सुटं इंजिन स्वस्त दिसतं. पण त्याच्यासोबत इसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक), न कापलेली वायरिंग, इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) जोडीची चावी, ॲक्सिलरेटरचं पेडल (केबल नसून वायरने चालणारं असेल तर), ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोल पंप, गिअरबॉक्स, एअर फिल्टरचा डबा, सेल्फ, अल्टरनेटर आणि त्यांचे ब्रॅकेट लागतात. यातली एकेक वस्तू शोधण्यात आठवडे जातात, आणि इसीयू-चावीची जोडी जुळली नाही तर इंजिन फिरतं पण पेटत नाही. अख्ख्या गाडीचा सगळ्यात मोठा फायदा हा, की इंजिन तिच्यात चालू असताना ऐकता येतं आणि मोजता येतं.

मोजायचं म्हणजे कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, प्लगच्या भोकाला गेज लावून. इंजिन गरम असताना सगळे प्लग काढा, पेट्रोलचा आणि स्पार्कचा पुरवठा बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा आणि सेल्फ मारा. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार दिसायला हवेत, डिझेलमध्ये २५ ते ३५. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा आहे. तो १० टक्क्यांच्या आत असेल तर बरं. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसतोय का, तेही बघा.

मूळ गाडी मोडायच्या आधी तिचे फोटो काढा. प्रत्येक होज, प्रत्येक कनेक्टर, प्रत्येक ब्रॅकेट दोन बाजूंनी टिपा. दोन महिन्यांनी एक पातळ व्हॅक्यूम नळी हातात घेऊन तुम्ही उभे असाल, तेव्हा ते फोटोच कामी येतात.

जागा आणि सुरक्षितता

सपाट, पक्की फरशी हवी. इंजिन क्रेनवर लिहिलेला आकडा नीट वाचा: २ टनांची क्रेन तिचा हात पूर्ण लांबवला की साधारण ५०० किलोच उचलते. छोटं ॲल्युमिनियमचं चार सिलिंडर इंजिन १०० किलोंच्या आसपास असतं, बिडाचं त्याहून बरंच जड, आणि गिअरबॉक्ससकट उचलणार असाल तर त्याचं वजन वेगळं धरा. क्रेन आणि साखळी यांच्यामध्ये तिरपं-सरळ करणारा लेव्हलर लावा, नाहीतर गिअरबॉक्सची शेपटी खाली घालताना एका माणसाला इंजिनवर लोंबकळावं लागतं. तसं करू नका. लटकलेल्या इंजिनाखाली हात, पाय, काहीही नेऊ नका. गाडीखाली जाताना जॅकवर विश्वास नको, स्टँड लावाच.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. त्यामुळे टाकी आणि पाइप उघडायचं काम मोकळ्या हवेत, बॅटरी सोडून आणि आसपास कोणतीही ज्योत किंवा ठिणगी नसताना करायचं. आग विझवायचा सिलिंडर दाराजवळ ठेवा, म्हणजे आगीला ओलांडून त्याच्याकडे जावं लागणार नाही.

जुनं इंजिन काढणं

हा भाग अंगमेहनतीचा, पण सरळ आहे. इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन असेल तर इंजिन चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढा. ते आपोआप बंद पडेल आणि लाइनमधला दाब उतरेल. मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. एसी असेल तर त्याचा गॅस आधी मशिनने काढून घ्या, हवेत सोडू नका. बोनेटच्या बिजागरीभोवती खुणा करून बोनेट काढा. पाणी आणि तेल काढा, मग रेडिएटर, एअर फिल्टर, होज, केबल्स, वायरिंग.

प्रत्येक कनेक्टरला दोन्ही बाजूंना एकच क्रमांक लिहा. बोल्ट जिथून निघाले त्या भागाच्या नावाच्या पिशवीत टाका. एक्झॉस्टचे गंजलेले बोल्ट आदल्या रात्रीच गंज सोडवणाऱ्या तेलाने भिजवून ठेवा आणि घाई करू नका. एक बोल्ट तुटला की तो काढण्यात अर्धा दिवस जातो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचे (क्लचच्या जागी असणाऱ्या तेलाने भरलेल्या ड्रमचे) बोल्ट आधी फ्लेक्स प्लेटपासून (क्रँकवरच्या पातळ चकतीपासून) सोडा आणि कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्येच राहू द्या. परत बसवताना तो आतल्या पंपावर पूर्ण बसला आहे याची खात्री करा. फिरवत ढकलला की तो टप्प्याटप्प्याने आत जातो. बेल हाऊसिंग इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्स प्लेट यांच्यात काही मिलिमीटर फट राहिली पाहिजे. ती नसेल आणि तुम्ही बोल्ट आवळत गेलात, तर गिअरबॉक्सचा पंप तुटतो.

इंजिन स्टँडवर आहे तोवर

एकदा आत गेल्यावर जिथे हात पोहोचणार नाही, ते सगळं आत्ताच बदला: क्रँकचं मागचं ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि त्याचे रोलर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, पाण्याच्या जागेवरच्या बुचांपैकी गंजलेली बुचं, चेंबरचं पॅकिंग, क्लचचा पूर्ण संच. मागचं सील छोटंसं असतं, पण नंतर बदलायचं तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

इंजिन आणि गिअरबॉक्सचा जोड

दोन्ही एकाच गाडीतले असतील तर हा भाग वाचून सोडून द्या. वेगवेगळे असतील तर इथेच सगळं ठरतं.

मध्ये अडॅप्टर प्लेट येते. तिचं खरं काम बोल्टची भोकं जुळवणं एवढंच नाही. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत ठेवणं, हे तिचं मुख्य काम. ही जुळणी बोल्ट करत नाहीत, दोन पोकळ डॉवेल (घट्ट बसणाऱ्या पिना) करतात, म्हणून डॉवेल नसलेली प्लेट स्वीकारू नका. फ्लायव्हीलला डायल गेज लावून बेल हाऊसिंगच्या मधल्या भोकाभोवती फिरवा आणि मध्य किती सरकला आहे ते मोजा. तो सरक ०.१ मिलिमीटरच्या आसपासच राहायला हवा. लक्षात ठेवा, गेजवर दिसणारा एकूण फरक प्रत्यक्ष सरकण्याच्या दुप्पट असतो. हे मोजायचं टाळलं तर सुरुवातीला काही कळत नाही. काही महिन्यांनी क्लच थरथरायला लागतो, मग इनपुट शाफ्टचं बेअरिंग ओरडू लागतं.

प्लेटच्या जाडीमुळे आणखी तीन गोष्टी हलतात. इनपुट शाफ्टचं टोक क्रँकमधल्या पायलट बेअरिंगपर्यंत पोहोचतं का? ते तळाला टेकत तर नाही? तिथे थोडी मोकळीक हवीच. सेल्फचा दात फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये पुरेसा आत जातो का? आणि क्लच प्लेटच्या मधल्या खाचा (स्प्लाइन) गिअरबॉक्सच्या शाफ्टला जुळतात का? प्लेटचा व्यास इंजिनाच्या फ्लायव्हीलप्रमाणे आणि मधल्या खाचा गिअरबॉक्सप्रमाणे, असं मिश्रण बरेचदा लागतं.

फ्लायव्हील बदलणार असाल तर तिच्यावरचे सेन्सरचे दात मोजा. अनेक इंजिनांत ६० दातांच्या जागेपैकी २ दात मुद्दाम गाळलेले असतात आणि त्या रिकाम्या जागेवरूनच इसीयूला क्रँकची स्थिती कळते. जुळणारे दात नसतील तर सगळं बरोबर जोडूनही एकही ठिणगी पडत नाही.

शेवटी गिअरबॉक्स इंजिनाला भिडवताना तो हाताने पूर्ण टेकला पाहिजे. बोल्ट आवळून ओढून घेऊ नका. टेकत नसेल तर क्लच प्लेट मध्यावर नाही किंवा काहीतरी अडतंय. बोल्टने ओढलेल्या गिअरबॉक्सने क्लच प्लेटचा मधला भाग वाकवलेला मी पाहिला आहे.

कोरडी बसवणी आणि माउंटिंग

आता इंजिन आत घाला, पण कायमचं नाही. अल्टरनेटर, मॅनिफोल्ड आणि एक्झॉस्ट लावूनच घाला, कारण नुसता ब्लॉक कुठेही मावतो. लाकडी ठोकळ्यांवर आणि जॅकवर ते हव्या त्या जागी तोलून धरा. इंजिनाच्या सर्वांत उंच भागावर मऊ मातीचे गोळे ठेवून बोनेट बंद करा. उघडल्यावर माती किती दबली आहे यावरून उरलेली जागा कळते. रबरी माउंटिंगवर इंजिन गाडी खेचताना हलतं, म्हणून चारही बाजूंनी २० ते २५ मिलिमीटर मोकळं ठेवा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. ऑइल फिल्टर, प्लग आणि ऑइलची पट्टी काढता येते का, तेही आत्ताच बघा.

माउंटिंगचे ब्रॅकेट आधी जाड पुठ्ठ्यातून कापा, मग ५ मिलिमीटरच्या पोलादी पत्र्यातून, आणि त्रिकोणी आधार देऊन मजबूत करा. जागेवर नुसते वेल्डिंगचे टाके मारा, इंजिन बाहेर काढा आणि पूर्ण वेल्डिंग बाहेर करा. गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरी आणि इसीयूचे कनेक्टर सोडलेले हवेत आणि वेल्डिंग मशिनचा अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावलेला हवा. वेल्डिंग स्वतः नीट येत नसेल, तर हे एवढं काम जाणकाराकडून करून घ्या. हे ब्रॅकेट तुटले तर इंजिन स्टिअरिंगवर येऊन पडतं.

मागची चाकं फिरवणाऱ्या गाडीत याच वेळी शाफ्टचे कोन ठरतात. गिअरबॉक्सच्या आउटपुटची रेषा आणि डिफरन्शियलच्या पिनिअनची रेषा समांतर हवी. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसवर (युनिव्हर्सल जॉइंटवर) १ ते ३ अंशांचा सारखा कोन चांगला. अगदी शून्यही नको, कारण मग क्रॉसमधल्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी झिजतात. शाफ्टची लांबी गाडी चाकांवर उभी असताना मोजा, सरकत्या टोकाला अंदाजे २० ते २५ मिलिमीटर आत जायला वाव ठेवा. कापून जोडलेला शाफ्ट बॅलन्स केल्याशिवाय लावू नका. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत आतले जॉइंट इंजिनाच्या बाजूचे आणि बाहेरचे तुमच्या गाडीचे, असे दोन अर्धे जोडून शाफ्ट करून घ्यावे लागतात.

इंधन, पाणी, व्हॅक्यूम, धूर

कार्ब्युरेटरला ०.२ ते ०.४ बार दाब पुरतो, इंजेक्शनला साधारण ३ बार. त्यामुळे जुना पंप, जुने रबरी पाइप आणि जुने क्लॅम्प तिन्ही बदलायचे. इंजेक्शनसाठीचाच पाइप वापरा, शक्य तिथे टाकीपर्यंत धातूची लाइन न्या आणि ती एक्झॉस्टपासून लांब ठेवा. जुन्या टाकीत आडपडदे नसतील तर वळणावर पंप हवा ओढतो. त्यावर उपाय म्हणजे मध्ये एक छोटी साठवण टाकी. कॉमन रेल डिझेलमध्ये रेलचा दाब १००० बारच्याही वर जातो. चालू इंजिनात ती लाइन सैल करून बघण्याची जुनी सवय इथे जिवावर बेतते, कारण ती धार कातडी भेदून आत जाते.

पाण्यात सगळा त्रास हवेचा. रेडिएटरचं तोंड किंवा जादा पाण्याची टाकी हीच पूर्ण यंत्रणेत सर्वांत उंच हवी. तसं नसेल तर जिथे उंचवटा येतो तिथे हवा काढायचा स्क्रू बसवा. रेडिएटर नव्या इंजिनाच्या ताकदीप्रमाणे निवडा, गाडीच्या आकाराप्रमाणे नाही.

ब्रेक बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणारा डबा, विसरला जातो. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून त्याला व्हॅक्यूम मिळतो, साध्या डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये तो जवळपास नसतोच, म्हणून डिझेलला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. पेट्रोलच्या जागी डिझेल घालत असाल तर तो पंप जोडल्याशिवाय गाडी जागेवरून हलवू नका. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सरच्या आधी कुठेही गळती नको. तिथून आत शिरलेली हवा सेन्सरला दिसते आणि इसीयू उगाच जास्त पेट्रोल सोडत राहतो.

वायरिंग

लोक याला घाबरतात. खरं तर हा सर्वांत शांतपणे करायचा भाग आहे, कारण तो टेबलावर होतो. मूळ गाडीची वायरिंग न कापता पूर्ण काढा, जमिनीवर पसरा, सर्किटचा नकाशा मिळवा आणि प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते लिहा. दिवे, काचा आणि दरवाजे यांच्या वायरी शेवटी काढायच्या, आधी नाहीत.

इंजिनाला तुमच्या गाडीकडून थोडंच हवं असतं: बॅटरीची कायमची लाइन, चावी फिरवल्यावर येणारी लाइन, सेल्फची लाइन, आणि अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट). चावीच्या लाइनीत एक सापळा आहे. काही लाइनी सेल्फ मारताना क्षणभर बंद पडतात. इसीयू त्यावर जोडला तर इंजिन फिरतं पण चालू होत नाही, आणि माणूस दोन दिवस प्लग तपासत बसतो. सेल्फ मारतानाही जिवंत राहणारी लाइन मल्टिमीटरने शोधून घ्या. पेट्रोल पंपाचा रिले इसीयूच्याच ताब्यात द्या, म्हणजे अपघातात इंजिन थांबलं की पंपही थांबेल. पंखा आणि पंप यांना वेगवेगळे रिले आणि फ्यूज.

अर्थबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते गाडीपासून तुटलेलं असतं. ब्लॉक ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी अशी जाड वायर लागतेच. माझ्या पहिल्या कामात ती राहून गेली. सेल्फचा सगळा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परत जाऊ लागला, आणि दोन-तीन प्रयत्नांत केबलचं आवरण वितळून धूर आला. अर्थ तपासायचा तर मल्टिमीटरचं एक टोक ब्लॉकला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावून सेल्फ मारा. ०.२ व्होल्टच्या वर फरक दिसला तर जोड खराब आहे. रंग खरवडा आणि पुन्हा आवळा.

पहिल्यांदा सुरू करताना

तेल भरा, गाडीचं नाक थोडं उचलून आणि हीटर गरमवर ठेवून पाणी भरा. प्लग काढा, पंपाचा फ्यूज काढा, कॉइलचा कनेक्टर सोडा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा. एका वेळी १० सेकंद, मग विश्रांती. दिवा विझला नाही तर पुढे जाऊ नका. मग पंपाचा फ्यूज परत लावून नुसती चावी फिरवा आणि प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पेट्रोलची गळती बघा. एवढं झालं की प्लग बसवा आणि कॉइल जोडा.

चालू झालं की एक माणूस चावीजवळ, एक बोनेटजवळ. ऑइलचा दाब, गळती, आवाज. रेडिएटरचा वरचा पाइप गरम होतो का, पंखा आपोआप लागतो का, हे होईपर्यंत चालू ठेवा. मग पूर्ण थंड होऊ द्या आणि पाणी पुन्हा पूर्ण भरा, कारण पातळी उतरलेली असतेच.

पहिली फेरी मोकळ्या जागेत, ब्रेक तपासूनच. १०० किलोमीटरनंतर माउंटिंग, बेल हाऊसिंग आणि शाफ्टचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा, व्हील अलाइनमेंट करा, पुढचं वजन बदललं असल्याने हेडलाइटची उंचीही जुळवा. ५०० किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर बदला.

आणि एक वही गाडीतच ठेवा. वॉटर पंप कोणत्या गाडीचा, क्लच प्लेट कोणती, बेल्टची लांबी किती, कोणत्या रिलेचं काय काम, वायरचा कोणता रंग कुठे जातो. पाच वर्षांनी वाटेत बेल्ट तुटेल, तेव्हा गाडीचं नाव सांगून मिळणारा बेल्ट तिला बसणार नाही.